क्लच कितीदा दाबला

हणमंतराव कोणावरच विश्वास ठेवत नसत असं म्हटलं तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. दूधवाल्यावर त्यांचा विश्वास होता, फक्त दुधात काचेची नळी बुडवून पाणी किती ते बघून झाल्यावर. काचीगुडा स्टेशनच्या घड्याळावरही होता, रेडिओच्या बातम्यांशी वेळ ताडून पाहिल्यावर. तसा तो जयवंतावरही असायला काही हरकत नव्हती. जयवंता त्यांच्या ट्रकचा ड्रायव्हर, उदगीरकडचा, सहा वर्षं त्यांच्याकडे टिकलेला. पण जयवंतावरचा विश्वास ताडून पाहायला काही साधनच नव्हतं, आणि तिथंच घोडं अडलं होतं.

कारण ट्रकचा किलोमीटरचा काटा बंद होता. सरकारी लिलावात ट्रक घेतला तेव्हाच तो बंद होता. मुळात ट्रक घेतलाच कशाला, असं कुसुमताई, म्हणजे हणमंतरावांच्या सौभाग्यवती, अजून विचारत आणि उत्तर अजून आलेलं नव्हतं. त्या दिवसांत दिल्लीनं देशाचा बाजार खुला केला होता आणि हैदराबादेत जो तो काही ना काही उघडत सुटला होता. कोणी टेलिफोनचं बूथ उघडलं, कोणी केबल टाकली, हिमायतनगरात तर एका गृहस्थानं जिन्याखाली चपला ठेवायच्या जागेत कंप्युटर क्लास काढला. अफझलगंजच्या गोदामांतून रंगीत टीव्हींची खोकी जहीराबादच्या दुकानांकडे जाऊ लागली, आणि ती हणमंतरावांच्या ट्रकमधून जात. दसरा-दिवाळीच्या दिवसांत रोज एक फेरी. निदान जयवंता म्हणत होता की एक.

हणमंतरावांच्या डोक्यात किडा सोडला तो शेजारच्या आबासाहेबांनी. आबासाहेब अठ्ठावीस वर्षं सरकारी ऑडिटमध्ये होते. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून ते शेजाऱ्यांकडे वळले होते.

"सकाळी सातला जातो, संध्याकाळी सातला येतो," आबासाहेब म्हणाले. "जहीराबाद शंभर किलोमीटर. मधल्या वेळात तुमची गाडी कोणाचं काय वाहते, ठाऊक आहे तुम्हाला?"

"काटा दुरुस्त करून घेतो की."

"तो पुन्हा बंद पडेल. जे ड्रायव्हरला समोर दिसतं ते बंद पडतं, हा नियम आहे. न दिसणारं काहीतरी हवं. आता बघा, गाडी चालली की गियर बदलणार. गियर बदलायचा तर क्लच दाबणार. हो की नाही? मग क्लच मोजा. मी बसून काढलंय. जाऊन येऊन आठशे. फार तर साडेआठशे."

आबासाहेबांनी उभ्या आयुष्यात सायकलीच्या पुढची गाडी चालवली नव्हती. हणमंतरावांनी तेवढीही नाही. पण कागदावर मांडलेली गोष्ट हणमंतरावांना नेहमीच पटत असे.

साधन मेहुण्याकडे सापडलं. कुसुमताईंचा भाऊ सुधीर लग्नपत्रिका छापायचा. ऑफसेट आल्यापासून त्याची पायानं चालवायची जुनी मशीन कोपऱ्यात गंजत पडली होती. तिला छापलेल्या प्रती मोजणारी एक लोखंडी डबी होती. दांडी एकदा ओढली की डबी 'टक' करून एक आकडा पुढे सरकायची. ही डबी हणमंतरावांनी मागून आणली. सुधीरनं कशाला हवी म्हणून विचारलं तेव्हा, "कुठं बोलू नकोस," एवढंच त्यांनी सांगितलं. त्यामुळे सुधीरच्या मनात आपल्या भाऊजींविषयी नको ते येऊ लागलं, पण तो विषय इथला नाही.

हे गुपित राहणं फार जरुरीचं होतं. जयवंताचा स्वभाव हणमंतरावांना माहीत होता. आधीच्या मालकानं एकदा संशयानं त्याच्या जेवणाचा डबा उघडून पाहिला होता. जयवंता त्या उघड्या डब्याकडे बघून एक शब्द न बोलता चालत घरी गेला. त्यानं नवा डबा घेतला आणि नवा मालक घेतला. आणि हा ट्रक तर जयवंताशिवाय कोणाचं ऐकतच नसे. मध्ये तो आठ दिवस गावी गेला होता. तेव्हा बदलीचे तीन ड्रायव्हर आणले, त्यांतल्या एकालाही ट्रक, तो उभा राहायचा त्या काचीगुड्याच्या वखारीच्या फाटकाबाहेर काढता आला नाही. जयवंताला कळलं तर जयवंता जाणार, तो गेला की टीव्ही जाणार, आणि घरात कुसुमताईंचा तो एकच प्रश्न उरणार.

मुहूर्त खंडेनवमीचा निघाला. वाहनाच्या पूजेला मालक केबिनमध्ये शिरला तर कोण विचारणार? हणमंतराव हळद, कुंकू, झेंडूचा हार, पान्हा आणि तार घेऊन आत गेले आणि दार लावून दीड तास बसले. क्लचच्या पेडलच्या वरच्या टोकाला तार बांधली, तार पेडलांवरच्या पत्र्यामागं बसवलेल्या डबीला जोडली. बाहेर कुसुमताई आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. नवऱ्याला उतारवयात का होईना भक्तीचं वळण लागलं म्हणून त्यांना बरं वाटलं.

पहिल्या दिवशी डबीनं दोनशे बारा आकडा दाखवला. दोनशे बारा क्लचमध्ये माणूस जहीराबादला जाऊन येऊ शकत नाही, हे आबासाहेबांनी शपथेवर सांगितलं. दांडी परत मागं येत नव्हती. तिला ओढून धरायला दणकट स्प्रिंग हवी होती. हणमंतरावांनी घरात शोधाशोध केली आणि स्वयंपाकघराच्या जाळीच्या दाराची स्प्रिंग काढली. हातभर लांब, बोटभर जाड. दुसऱ्या दिवसापासून ते दार उघडंच राहू लागलं आणि शेजारचं मांजर घरच्यासारखं येऊ-जाऊ लागलं.

डबी मात्र फक्कड चालू झाली. संध्याकाळी उदबत्ती लावायच्या निमित्तानं हणमंतराव केबिनमध्ये गेले, पत्र्याच्या फटीतून बॅटरी मारली, आणि आकडा दोनदा वाचला. सोळाशे नव्वद.

"बघा," आबासाहेब समाधानानं म्हणाले. "दोन फेऱ्या. एक तुमची, एक त्याची."

हणमंतरावांना मनातून फार वाईट वाटलं. पकडल्याचा आनंद व्हायला हवा होता, तो काही होईना. याच जयवंतानं त्यांच्या आजारी आईला ट्रकमध्ये गादी घालून बिदरहून आणलं होतं. पण सोळाशे नव्वद म्हणजे सोळाशे नव्वद. एकदम बोलायचं नाही, आधी पुरावा भक्कम करायचा, असं दोघांचं ठरलं.

तेवढ्यात तिसऱ्याच दिवशी जयवंता डाव्या पायाची पोटरी चोळत दारात उभा राहिला.

"मालक, क्लच लई कडक होऊलालाय. दाबू गेलं तर दबंना. सांजंपोतर पाय पार कामातून जातोय."

हणमंतरावांना पहिल्यांदा वाटलं, याला सुगावा लागला. आता हा क्लचचं निमित्त करून पत्रा उचकटणार. त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. चेहऱ्यावर पोटरीच्या दुखण्याखेरीज काही दिसत नव्हतं, आणि हेच त्यांना जास्त संशयास्पद वाटलं.

"बघू," ते म्हणाले. "आपण मेकॅनिकला दाखवू. मीही येतो."

पहिला मेकॅनिक नारायणगुड्याचा. त्यानं हणमंतरावांना क्लचचं शास्त्र समजावून दिलं. पेडल दाबलं की वरचा सिलिंडर तेल ढकलतो, तेल नळीतून खाली जातं, खालचा सिलिंडर त्या जोरावर क्लच सोडवतो. "तेलात हवा शिरलीय," तो म्हणाला. त्यानं हवा काढली, तेल बदललं. पेडल तसंच राहिलं. मग तो म्हणाला, वरच्या सिलिंडरचे रबर फुगलेत. रबर बदलले तरी पेडल ढिम्म.

ट्रक जुना आणि सिलिंडर त्याहून जुना. नवा आणायला हणमंतराव स्वतः अफझलगंजच्या सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदारानं गाडीचं साल विचारलं. नोंदणीच्या पुस्तकात एकाहत्तर होतं, इंजिनाच्या पट्टीवर अडुसष्ट, आणि लिलावाच्या कागदावर 'जसे आहे तसे' एवढंच लिहिलेलं. दुकानदार म्हणाला, तीन गाड्यांचे कागद एकदम दाखवू नका, एकेक दाखवा. एरवी हणमंतराव या अपमानानं पेटून उठले असते. पण त्या दिवशी ते मुकाट्यानं बाकावर बसून राहिले. मेकॅनिक जितका सिलिंडरच्या मागं लागेल तितका पत्र्यापासून लांब राहील, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

आणि तिथं बाकावर बसल्या बसल्या आणखीही एक गोष्ट ध्यानात आली. पेडल कडक झालं ते बुधवारपासून. जाळीच्या दाराची स्प्रिंग लावली मंगळवारी. जगातल्या सगळ्या माणसांवर संशय घेऊन झालेल्या हणमंतरावांना स्वतःवर संशय घ्यायची सवय नव्हती, त्यामुळे त्यांना बराच वेळ घाम पुसत बसावं लागलं.

आता घाई झाली. सोमवारी सकाळी नव्वद टीव्हींचा दिवाळीचा शेवटचा माल भरायचा होता. त्याच्या आत स्प्रिंग निघायला हवी होती, आणि ती काढताना जयवंता जवळ नको होता. पण जयवंता ट्रकजवळून हलेना. कडक क्लचचा त्याला अपमानच वाटत होता. पहिल्या मेकॅनिकनं खालचा सिलिंडर बदलला, नळी बदलली, आणि आता गियरबॉक्स उतरवू म्हणाला, तेव्हा जयवंतानंच ट्रक काढला आणि तो पुढच्या शुक्रवारी दुपारी मूसीच्या काठी मस्तान उस्तादांच्या गॅरेजात नेऊन उभा केला.

मस्तान उस्ताद साठीचे, पांढरी दाढी, बोलायला मवाळ. त्यांनी सगळी कहाणी ऐकली, बदललेल्या सामानाची पिशवी पाहिली आणि मान हलवली.

"पेडल सख्त है ना मियां? तो पैले पेडल कू पूछना. उसकू छोड के तुम पूरे खानदान की तलाशी लिए." उस्तादांनी पेडल आणि सिलिंडर यांना जोडणारी दांडी काढली. "अब पेडल का सिलिंडर से कुछ रिश्ता नै. अब दबाओ. नरम हुआ तो कसूर नीचे. सख्तच रहा तो सिलिंडर बेकसूर."

जयवंतानं पेडल दाबलं. पेडल सख्तच राहिलं.

"हौ," उस्ताद म्हणाले. "चोर इस पत्रे के पीछे बैठा है."

हणमंतरावांनी पुढं होऊन केबिनच्या दारावर हात ठेवला. "उस्ताद, पत्रा नक्को खोलो," ते घाईनं म्हणाले. "वो पत्रा... पूजे का है. नवमी कू हळदीकुंकू लगाया."

उस्तादांनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. तेवढ्यात अजान झाली. "नमाज पढ के आतूं," म्हणून ते हात-तोंड धुऊन गेले. जयवंता समोरच्या हॉटेलात चहाला गेला. हणमंतराव म्हणाले, मला चहा नको, मी इथंच बसतो. चहाला नाही म्हणणारे हणमंतराव जयवंतानं सहा वर्षांत पाहिले नव्हते. तोही वळून वळून बघत गेला.

पाचच मिनिटं हातात होती. हणमंतराव केबिनमध्ये चढले, सीटखाली आडवे झाले आणि हात वर पत्र्यामागं घातला. डोकं पेडलांमध्ये, पाय दाराबाहेर. तार हाताला लागली. तार सोडली तर स्प्रिंग निघणार, म्हणून त्यांनी तिच्या वेढ्यांत बोट घालून ती ओढून पाहिली. जाळीचं दार वीस वर्षं आपटून बंद करणारी स्प्रिंग ती. तिनं हणमंतरावांचं उजवं बोट धरलं आणि सोडेना.

त्यांनी ओढलं, वळवलं, फुंकर घातली. मारुतीचं नाव घेतलं. मग नुसतेच पडून राहिले. रस्त्यानं जाणाऱ्या एका केळीवाल्यानं दाराबाहेरचे पाय बघून, आत कोणी गेलं का, म्हणून चौकशीही केली.

उस्ताद आणि जयवंता एकदमच परत आले. हणमंतराव आतून म्हणाले, "बोट अडकलंय." उस्तादांनी वाकून पाहिलं, सगळं समजून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "जयवंता, धीरे से पेडल दबा."

जयवंतानं मालकाच्या कानाशेजारून पाय नेऊन पेडल दाबलं. स्प्रिंग ताणली गेली, बोट सुटलं, आणि पत्र्यामागून आवाज आला. टक.

उस्तादांनी पत्रा उघडला. हळदीकुंकवाचे वाळलेले ठिपके, मधोमध जाळीच्या दाराची स्प्रिंग आणि तिच्या टोकाला ती लोखंडी डबी. जयवंतानं डबी हातात घेतली, दांडी ओढली. टक. आकडा पुढे सरकला. त्यानं पुन्हा ओढली.

"मालक, हे काय मोजतंय?"

खोटं बोलायला हणमंतरावांकडे तीन-चार चांगल्या गोष्टी तयार होत्या. पण बोट ठणकत होतं आणि शर्टाला ग्रीस लागलं होतं, अशा अवस्थेत त्यांतली एकही धड सांगता येईना.

"क्लच," ते म्हणाले. "फेऱ्या किती होतात ते कळावं म्हणून."

जयवंतानं डबी उलटीसुलटी करून तिच्यावरचा आकडा वाचला. त्या दोघांच्या नजरा बघून हणमंतरावांचा दुखावलेला मान उसळून आला, आणि बोलू नये ते ते बोलून गेले. "आणि मी उगाच नाही लावली. एका फेरीला आठशे व्हायला हवेत. रोज सोळाशे नव्वद होतायत. त्यावर काय म्हणणं आहे तुझं?"

यावर मस्तान उस्ताद तिथल्या टायरवर बसले आणि दाढी धरून हसायला लागले.

"साब, ये पुरानी गाडी है. इसमें एक गियर बदलने कू दो बार क्लच मारना पडता. एक बार गियर निकालने कू, एक बार डालने कू. डबल क्लच बोलते. नै मारे तो दांते घिसते, गियर का डिब्बा चिल्लाता. आप किसी ड्रायव्हर कू नै पूछे?"

सोळाशे नव्वदचे निम्मे किती होतात ते हणमंतरावांना कागदाशिवायही कळलं. आठशे पंचेचाळीस. आबासाहेब फार तर साडेआठशे म्हणाले होते. एकही फेरी जास्तीची नव्हती. उलट त्यांच्या स्वतःच्या स्प्रिंगवर तो बापडा रोज सोळाशे नव्वद वेळा पाय रेटत होता. हणमंतरावांना लाज वाटली. अगदी साधी, लहान मुलाला वाटते तशी लाज वाटली, आणि ती कुठं ठेवावी ते कळेना.

जयवंतानं डबी त्यांच्या हातात ठेवली, चपला घातल्या आणि तो अफझलगंजच्या बस-स्टँडकडे चालू लागला. शनिवारी तो आला नाही.

"दोननं गुणायचं असतं हे मला आधी कळवायला हवं होतं," आबासाहेब म्हणाले. "चूक माहिती पुरवणाऱ्याची." हणमंतरावांनी त्या दिवसापुरता त्यांच्याशी बोलणं बंद केलं. कुसुमताईंना मात्र सगळं सांगावंच लागलं, कारण जाळीच्या दाराची स्प्रिंग ग्रीस लागून परत आली होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि ट्रक का घेतला हे विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "उद्या त्याच्या घरी जा. आणि माफी मागताना अध्यक्षीय भाषण करू नका."

रविवारी हणमंतराव चादरघाटला जयवंताच्या खोलीवर गेले. त्यानं पाट दिला, पाणी दिलं. बायकोला चहा ठेवायला सांगितलं. हणमंतरावांनी वाटेत चार वाक्यं पाठ केली होती, त्यांतलं एकच निघालं. "माझं चुकलं, जयवंता. लई चुकलं."

जयवंता पोटरी चोळत बसला होता. "सा वर्सं झाली मालक," तो म्हणाला. "इचारलं असतं तर सांगितलं नसतं का म्या?"

"सांगितलं असतंस. पण मी मानलं नसतं."

हे मात्र खरं होतं, आणि ते खरं आहे हे जयवंतालाही पटलं. तो जरा विचार करून म्हणाला, "उद्याची खेप मारतो. पुढचं पुढं बगू. पण तुमाला मोजायचंच हाय तर शेजारी बसून मोजा. तोंडानं, मोठ्यानं. इसरला तर गाडी वळवून परत काचीगुड्याला. पैल्यापासून."

सोमवारी सकाळी नव्वद टीव्ही भरून ट्रक निघाला. पेडल लोण्यासारखं खाली जात होतं. हणमंतराव शेजारच्या सीटवर ताठ बसून मोजत होते. एक, दोन. तीन, चार. कोटीच्या चौकात सव्वाशे झाले. म्हशी आडव्या आल्या की वीस, लग्नाची वरात आली की तीस. हणमंतरावांचा घसा बसला. हा माणूस सहा वर्षं रोज एवढ्यांदा पाय उचलतोय आणि आपण फक्त 'आलास का' एवढंच विचारत आलोय, हे त्यांना शंभर-दीडशेच्या सुमारास पहिल्यांदा जाणवलं, आणि पुढं दर आकड्याला जाणवत राहिलं.

पटानचेरूच्या फाटकाशी एक आगगाडी गेली. फाटक उघडल्यावर सगळ्या गाड्या एकदम घुसल्या, जयवंतानं चार-पाचदा भराभर पेडल दाबलं, आणि हणमंतरावांचं तोंड उघडंच राहिलं. आकडा गेला होता.

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. चारशेच्या पुढं काहीतरी होतं. कोणताही आकडा ठोकून दिला असता तरी खपला असता. जयवंता समोर रस्त्याकडे बघत होता. मागं नव्वद टीव्ही होते, जहीराबादचे दुकानदार वाट बघत होते, आणि काचीगुडा पार मागं राहिलं होतं.

"जयवंता," हणमंतराव म्हणाले, "मी विसरलो."

जयवंतानं गाडी बाजूला घेतली नाही आणि वळवलीही नाही. त्यानं आरशात बघून गियर टाकला.

"चारशे छत्तीस," तो म्हणाला.

म्हणजे तोही मनातल्या मनात मोजत होता. आता हे चारशे छत्तीस बरोबर की चूक, हे ताडून पाहायला केबिनमध्ये डबी नव्हती, तार नव्हती, आबासाहेबांचा कागद नव्हता. हणमंतरावांनी सवयीनं एकदा पत्र्याकडे पाहिलं. मग ते सीटवर नीट टेकून बसले.

"चारशे सदतीस," ते म्हणाले.